सातच्या पोटातली रेघ

गाड्या धुणाऱ्या बाईवर काय लिहायचं, असं आमच्याच कामगार संघटनेतल्या एकाने मला विचारलं. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही. पण लिहितोय ते त्या बाईवरच. सगळं वर्कशॉप त्यांना वहिनी म्हणायचं, कारण तिथला मिस्त्री त्यांचा सख्खा दीर. त्याने वहिनी म्हटलं म्हणून डेंटर म्हणू लागला, पेंटर म्हणू लागला, मग मीही. तिथल्या मालकाला मी कधी अहो-जाहो केलं नाही. वहिनींना करतो.

वहिनींचा नवरा टॅक्सी चालवायचा. एक दिवस एका बाईने टॅक्सीचं दार उघडलं, आत डोकावलं, नाकाला रुमाल लावला आणि दार तसंच उघडं टाकून मागच्या टॅक्सीत जाऊन बसली. नवऱ्याने घरी येऊन हा किस्सा हसत हसत सांगितला. त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. वहिनींना मात्र असं वाटलं, की ती बाई आपल्याच घरात डोकावून नाक मुरडून गेली. दुसऱ्या दिवसापासून नवरा चहा पीत असेपर्यंत टॅक्सी आतून-बाहेरून धुऊन तयार. सीटच्या शिवणीतला कचरा त्या केसांच्या पिनेने काढायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, टॅक्सी आहे ही, देव्हारा नव्हे." तो गेल्यावर टॅक्सी विकली, तेव्हा घेणारा म्हणाला, "इंजिन खलास आहे, पण आत बसावंसं वाटतं." वहिनींना आयुष्यात मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र. सांगताना अजून लाजतात.

मग दिराने त्यांना आपल्या वर्कशॉपमध्ये लावून घेतलं. साधं वर्कशॉप नव्हतं ते. जुन्या, दुर्मीळ शर्यतीच्या गाड्या तिथे यायच्या, नटायच्या आणि विकल्या जायच्या. जमिनीला चिकटून चालणाऱ्या, दोन माणसांच्या, सामानाला जागा नसलेल्या. पुढे काम करायची जागा, मागे काचेचा हॉल. हॉलमध्ये गाड्या उभ्या, आणि त्यांच्याभोवती सुट्टीच्या दिवशी शौकीन मंडळी. कोणती गाडी किती मोलाची यावर ती अशी भांडायची, की पोराचं लग्न जमवणारेही इतके भांडत नाहीत.

एक गाडी आली ती ताडपत्रीखालून. कुठल्याशा शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. मळकट पांढरी, टायर बसलेले. मालकाने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, हिला कोणी हात लावायचा नाही. आहे तशीच विकायची. धूळसुद्धा तिचीच.

वहिनींना हे काही झेपेना. मिस्त्रीने बॉनेट उघडून दाखवलं. इंजिनामागच्या पत्र्यावर खडूने चार आकडे लिहिले होते. शेवटचा इंग्रजी सात, त्याच्या पोटात आडवी रेघ.

"वहिनी, हे बघून ठेवा. ही गाडी बनवली त्या कारखान्यातल्या कामगाराने लिहिलंय. कोणता दरवाजा कोणत्या गाडीचा, ते कळायला. कारखाना कधीच बंद पडला. हा खडू म्हणजे या गाडीचा जन्मदाखला. हा आहे म्हणून गाडी अस्सल. कळलं?"

"कळलं. म्हणजे त्याचं पुसायचं राहून गेलं."

"हो, आणि तेच आता सोन्याच्या भावाने जातंय. तुम्ही तेवढं फडकं लांब ठेवा."

वहिनींनी ठेवलं. पुढचं सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून, भांडी विसळत.

गाडी बघायला लोक यायचे होते त्या सकाळी मिस्त्रीने हॉलमध्ये बॉनेट उघडून ठेवलं आणि तो बाहेर गेला. वर तुळईवर कबुतर होतं. त्याने जे करायचं ते केलं, आणि नेमकं त्या पत्र्यावर केलं. खडूपासून वीतभर लांब. वहिनी बघत राहिल्या. पाहुणे येणार, वाकून बघणार, आणि पहिली नजर जाणार ती त्या घाणीवर. नाकाला रुमाल लावणारी ती बाई त्यांना आठवली. त्यांनी फडकं ओलं केलं. फक्त तेवढंच टिपायचं होतं. टिपलंही. पण फडक्यातलं पाणी ओघळलं, थेट सातवर गेलं आणि सातचा शेंडा फरफटला. तो ओघळ टिपायला गेल्या तर शेजारचा आकडा पसरला. आता सगळं फराट्यासारखं दिसायला लागलं. आणि अर्धवट पुसलेलं वहिनींना कधी बघवलेलं नाही. हाताने पुढचं आपलं आपण केलं. पत्रा लख्ख झाला तेव्हा त्यांना कळलं, आपण काय केलं.

मिस्त्री आत आला. त्याने पत्रा बघितला, वहिनींकडे बघितलं. ओरडला नाही.

"भाऊजी..."

"गप्प बसा. दार लावा."

त्याच्या मोबाइलमध्ये फोटो होता. कामाच्या नोंदीसाठी काढलेला. डेंटवर खूण करायला लागतो तो खडू खिशात होताच. फोटो बघत त्याने चार आकडे काढले, सातच्या पोटात रेघ मारली, कोपऱ्यातली धूळ तळहातावर घेऊन वर फुंकली. हुबेहूब. गाडीच्या रंगात रंग मिळवण्यात जिंदगी गेलेला माणूस तो, खडूचं काय घेऊन बसलात.

"वहिनी, तुम्ही काही बघितलं नाही. माझी पोरगी यंदा परीक्षेला बसलीय. ही नोकरी गेली तर मी या वयात कुठे जाऊ?"

वहिनींनी मान हलवली. एकाच घरात राहायची सगळी, दोन खोल्यांत. त्या पोरीची वेणी रोज सकाळी वहिनीच घालायच्या.

त्याच दिवशी मी तिथे होतो. कामगारांना रसायनं हाताळायला हातमोजे नाहीत आणि प्यायच्या पाण्याचा नळ नाही, म्हणून मालकाशी भांडायला आलो होतो. पाहुणे आहेत म्हणून त्याने मला हॉलच्या बाकावर बसवून ठेवलं. मी बसलो, कारण अशा वेळी कानावर बरंच काही पडतं.

पाहुणे दोनच. एक दातांचा डॉक्टर, दुसरा टोपी घातलेला म्हातारा. गाडी घ्यायची होती ती टोपीवाल्याला. डॉक्टर नुसताच वाद घालायला आला होता.

"धावत नाही, ब्रेक लागत नाही, आणि किंमत एका इमारतीची," डॉक्टर म्हणाला. "गाडीचं मोल रस्त्यावर ठरतं हो. ही तर नुसती पडून राहिली. यापेक्षा मोठी शर्यत माझ्या स्कूटरने मारलीय."

"तुम्हाला काय, जिथे बघाल तिथे कीडच दिसणार," टोपीवाला म्हणाला. "अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या बनल्या. त्यातल्या निम्म्या ठोकल्या गेल्या, उरलेल्या तुमच्यासारख्यांनी नवा रंग देऊन नासवल्या. हिला कोणी हात लावलेला नाही. मोल त्याचं आहे."

"हात न लावलेल्याचं मोल? मग माझ्या सासऱ्यांची व्यायामाची सायकल न्या. तिला अजून कोणी हात लावलेला नाही."

मलाही हसू आलं. मालक हसला नाही. त्याने बॉनेटकडे बोट केलं. "तुम्ही आधी हे बघा."

टोपीवाला वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, हा सात बघा. पोटात रेघ. एका झटक्यात मारलीय. जेवणाची घंटा होत आली असेल, हातात अजून काम असेल... तो माणूस दिसतो हो मला. मेलाही असेल आता. आणि त्याचा हात इथे आहे."

डॉक्टरही वाकला. "हे मात्र खरं," म्हणाला. "याला मोल आहे."

आणि त्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

वहिनी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मिस्त्री त्यांच्यासमोर, नजर फरशीत. मला त्यांच्यातलं काही माहीत नव्हतं. फक्त चहा पुढे येईना म्हणून मी मान वळवली. वहिनींचा चेहरा असा उतरलेला, की मला वाटलं बाईला चक्कर येतेय.

"टोपी घाला," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"टोपी घाला हो दादा. तो हात नाही त्याचा. माझ्याकडून पुसलं गेलं सकाळी. मग मीच लिहिलं."

मालकाचा आवाज आला, एकदम थंड. "तू लिहिलंस? हे असं?"

"मीच."

त्याने टेबलावरून खडू उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. "लिही मग परत. इथे फरशीवर. तेच चार आकडे."

मी उठलोच. "बाईची परीक्षा घेतोस? आधी हातमोजे दे, मग खडू दे!" आणखीही बरंच बोलणार होतो.

"तुम्ही बसा, दादा," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. इतक्या वर्षांत पोलिसांनीही मला इतकं चटकन गप्प केलेलं नाही.

त्यांनी ट्रे खाली ठेवला, खडू घेतला आणि फरशीवर बसल्या. पहिला आकडा काढला, वाकडातिकडा. दुसरा त्यांना आठवेना. घासून घासून पुसलेले आकडे, आणि आठवेना. खडू फरशीवर टेकवून तशाच बसून राहिल्या. डॉक्टरने मान फिरवली. माणसात तेवढी लाज होती म्हणायची.

मिस्त्री पुढे आला. वहिनींशेजारी उकिडवा बसला, त्यांच्या बोटांतून खडू सोडवून घेतला आणि चारही आकडे झरझर लिहिले. सातच्या पोटात रेघ मारली, एका झटक्यात. उठला नाही. वहिनीही उठल्या नाहीत. दीर-भावजय दोघं फरशीवर, चोर पकडून बसवावेत तशी.

वहिनींना वाचवायचं होतं दिराला, आणि चारचौघांत उघडा पाडला तोच. हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मला मात्र वाटत होतं, की आता म्हातारा मालकाच्या अंगावर जाईल.

म्हाताऱ्याने टोपी घातली. वहिनींकडे बघून म्हणाला, "बाई, आणखी जरा वेळ गप्प राहिल्या असतात, तर मी सुखात मेलो असतो." आणि निघून गेला. डॉक्टर त्याच्या मागून.

मला वाटलं, दोघांनाही आता हाकलणार. मी तयारीत होतो. एवढ्याशा कारणाने कामावरून काढणं म्हणजे काय, ते मी त्या मालकाला शिकवणार होतो. पण मालक आमच्यापेक्षा हुशार निघाला. बॉनेटवर वाकला, सात नीट निरखला आणि म्हणाला, "चांगला जमलाय. राहू दे. पुढचं गिऱ्हाईक येईल त्याला काही सांगायचं नाही. तुम्ही दोघं कामावर आहात तसेच." मग माझ्याकडे वळला. "आणि तुमचे ते हातमोजे. उद्या येतील."

आले खरंच. नळही बसला. संघटनेचा विजय म्हणून मी कोणाला सांगितलं नाही, एवढंच सांगतो.

वहिनी दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. मी घरी गेलो तेव्हा भांडी विसळत होत्या. मी तावातावाने म्हटलं, गेटवर बोर्ड लावतो, खोट्या खडूवर गाडी विकतोय तो, सगळ्या गावाला कळू दे. माझा पारा चढला की थांबत नाही. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"बोर्ड लागला की मालक काय म्हणेल? मिस्त्रीने लिहिलं म्हणेल. खोटं आहे का ते?"

"पण वहिनी, तुमची चूक ती केवढी? एक पुसणं!"

"पुसलं त्याचं नाही हो काही. पुसणं म्हणजे माझं काम. त्या म्हाताऱ्याने टोपी काढली आणि मी बघत राहिले, चहा घेऊन. आधीच बोलायला हवं होतं, नाहीतर बोलायलाच नको होतं. मी मधेच बोलले. धड कोणाचंच राहिलं नाही."

आतल्या खोलीत मिस्त्री होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. बाहेर आला नाही. बोर्ड मी लावला नाही. आजही वाटतं, लावायला हवा होता. पण तो माझा राग झाला. त्याची किंमत फेडायची होती ती त्या दोघांना.

वहिनी आता बस डेपोत असतात. बस धुतात. मिस्त्री अजून तिथेच आहे. एका घरात राहतात, जेवतात, पोरीची वेणी अजून वहिनीच घालतात. पण मिस्त्री त्यांच्या नजरेला नजर देत नाही, आणि वहिनी त्याला ती द्यायला लावत नाहीत. तो जेवायला बसला की त्या वाढून, वळून ओट्याकडे तोंड करतात. गाडी विकली गेली. कोणी घेतली, कितीला, वहिनींनी विचारलं नाही आणि मिस्त्रीने सांगितलं नाही.

परवा डेपोत गेलो होतो. तिथले मेकॅनिक बसच्या पत्र्यावर खडूने खुणा करतात, दार अडकतं, काच ढिली, असलं काहीबाही. काम झालं की खूण तशीच राहते, धुणारे पुसून टाकतात. वहिनी बादली घेऊन एका बसपाशी उभ्या होत्या. सगळी बस धुऊन झाली होती, पण मागच्या दाराशेजारचा हातभर पत्रा कोरडा आणि मळका ठेवलेला. मधे खडूची एक फुली.

"ओ मेकॅनिक," त्यांनी आवाज दिला. "हे पुसू का?"

गाडीखालून पाय दिसत होते, ते हलले. "अहो मावशी, रोज काय विचारता? फुली आहे ती! पुसा की!"

आजूबाजूचे हसले. रोजच हसत असणार.

"बाहेर येऊन बघ आणि सांग," वहिनी म्हणाल्या, आणि फडकं पिळून, हातात धरून, तो बाहेर येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.