पटावरचा शेवटचा नंबर

आमच्या आठवीच्या वर्गात मुलं-मुली मिळून सत्तेचाळीस, पण हजेरी व्हायची अठ्ठेचाळीस जणांची. अठ्ठेचाळिसावा होता 'म्हणे'.

हे आमच्या वर्गशिक्षकांचं खूळ. सर विज्ञान शिकवायचे आणि रोज खुलताबादहून एसटीनं घाट उतरून शहरात यायचे. मराठी झकास बोलायचे, पण भडकले की दख्खनी सुटायची. पहिल्याच आठवड्यात एकजण उभा राहून म्हणाला, "सर, ग्रहणात म्हणे भाजी चिरायची नसते." सर थांबले. "ठैर. हा म्हणे कोण रे? कुठल्या गल्लीत राहतो? बुलाव उसको." आम्ही हसून लोटपोट. सरांनी मात्र खरंच हजेरीपटाच्या शेवटी पेन्सिलनं 'म्हणे' लिहिलं. मग रोज शेवटी पुकारा व्हायचा, "म्हणे?" आणि आम्ही पत्रे उडतील एवढ्या जोरात ओरडायचो, "गैरहजर, सर!" जो गैरहजर त्याची साक्ष वर्गात चालायची नाही, एवढाच नियम.

एकदा मागच्या बाकावरच्या पोरानं सांगितलं, वेरूळच्या लेण्यांतून म्हणे थेट दौलताबादच्या किल्ल्यात भुयार निघतं. "कुणी सांगितलं? त्यानं बघितलं का? जा, विचारून ये," सर म्हणाले. पोरगं मामाकडं गेलं. मामा म्हणाले, "येड्या, मागच्या दिवाळीत तूच तर मला सांगितलंस!" दुसऱ्या दिवशी त्यानं हे वर्गात जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा सर टेबलावर डोकं टेकून हसत होते. लई भारी दिवस होते ते. आता आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी म्हणे हजर असतो, आणि हजेरी घ्यायला कुणी नाही.

आता माझं सांगते. सांगायला आजही लाज वाटते, पण सांगते.

मी पहिलीपासून वर्गात पहिली. त्या वर्षी माझ्या बाकावर एक नवी मुलगी आली, तीही खुलताबादची. तिच्या वडिलांचं तिथं स्टँडजवळ किराणा दुकान. पोरीला एवढ्या लांब एकटी पाठवायला ते तयार नव्हते. सर त्याच एसटीनं जातात, म्हणून कसेबसे 'हो' म्हणाले होते. मुलगी गुणी. डब्यातला ठेचा आधी मला द्यायची. पण विज्ञानाच्या घटक चाचणीत तिला वीसपैकी वीस पडले आणि मला सतरा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिता पिता मी दोघीतिघींना म्हणाले, "सरांनी म्हणे तिला एसटीत पेपर दाखवला."

त्या एसटीत मी जन्मात बसले नव्हते. पण 'म्हणे' लावलं की कसं, आपले हात मोकळे.

चौथ्या दिवशी ते बोलणं घाट चढून खुलताबादला पोचलं. वाटेत पेपर कुठंतरी गळून पडला आणि 'मास्तर आन् पोरगी एका सीटवर बसतात म्हणे' एवढंच उरलं. मला हे कळलं ते असं, की मी खडू आणायला ऑफिसात गेले होते आणि तिचे वडील हेडबाईंना हेच सांगत होते. "शिकली तेवढं बास झालं. आता घरीच बसंल ती," एवढं बोलून ते निघून गेले. माझ्या हातात खडूची पेटी तशीच राहिली.

लोकांच्या नजरा नकोत म्हणून सर पहाटेच्या एसटीनं यायला लागले. बाकावरची माझ्या शेजारची जागा रिकामी. हजेरीत तिचा नंबर आला की सर गैरहजेरी मांडायचे आणि पुढच्या नंबरावर जायचे. पाच दिवस असे गेले. मी जेवत नव्हते, आई विचारत होती काय झालं, आणि मी म्हणायचे पोट दुखतंय.

सहाव्या दिवशी सरांनी सगळी नावं घेतली. मग सवयीनं म्हणाले, "म्हणे?"

नेहमीसारखा वर्ग ओरडणार एवढ्यात मी उभी राहिले. "हजर, सर."

एकजण फिसकन हसला आणि गप्प झाला. मी रडत रडत सगळं सांगितलं, नळाचं, पेपरचं, सतरा मार्कांचं. मला वाटलं, आता छडी. सरांनी पट मिटला. "मला नको सांगू. मला तर माहीतच होतं खोटंय ते. बात जिथं पोचली तिथं जाऊन सांग."

रविवारी आई मला घेऊन खुलताबादला गेली. त्याच एसटीनं. त्या मुलीचे वडील दुकानात साखर तोलत होते. माझं ऐकून त्यांनी तागडी खाली ठेवली. "तू डोळ्यानं बघितलं होतं का?"

"नाही, काका."

"मग कोण म्हणलं?"

"कुणीच नाही. मीच."

त्यांनी साखरेची पुडी बांधली. मग आईला म्हणाले, "ताई, तुम्ही हिला इथवर आणलं. नायतर कोण आणतंय." दुकानाच्या मागं पडदा होता. तो हलला, पण ती बाहेर आली नाही. पोरीला पाठवतो की नाही, ते काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर आईनं मला ना मारलं ना जवळ घेतलं. घाट उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारी ती मुलगी शाळेत आली. माझ्याच बाकावर बसली. मी सरकून जागा दिली. हजेरीत तिचा नंबर आला, ती "हजर" म्हणाली. शेवटी सरांनी विचारलं, "म्हणे?"

"गैरहजर, सर!" सगळा वर्ग ओरडला. मी सोडून.

तिनं दप्तरातून वही काढली आणि माझ्याकडं न बघता, मलाच ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली, "आज नाय आला. उद्याचं तू बघ."