'आकाशगल्ली'चं शेवटचं पान

माझा मावसभाऊ नॉरिस बूथरॉइड कुत्र्यांना घाबरायचा, दातांच्या डॉक्टरला घाबरायचा आणि गिरणीतल्या मुकादमाला तर इतका, की त्याच्यासमोर आलेली शिंकसुद्धा गिळायचा. आणि हाच माणूस दर दोन महिन्यांनी अख्खी पृथ्वी बेचिराख करायचा! कधी धूमकेतू आदळवून, कधी शुक्रावरचे राक्षस उतरवून. बर्था मावशीच्या माडीवरच्या खोलीत बसून जग बुडवायचं आणि तिनं चहाला हाक मारली की हात धुऊन मुकाट्यानं खाली यायचं.

त्याच्या मासिकाचं नाव 'आकाशगल्ली'. मासिक कसलं, पिवळट कागदाची वीस पानं आणि कोपऱ्यात दोन पिना. मी वकिलाकडे टायपिस्ट होते, त्यामुळे स्टेन्सिल माझ्या गळ्यात. सायक्लोस्टाइलचं हँडल तो फिरवायचा आणि कोपरापर्यंत शाई फासून घ्यायचा. बेचाळीस प्रती, बेचाळीस वाचक. आपापल्या गावात खुळी ठरलेली ही पोरं एकमेकांना क्वचितच भेटली होती, पण पत्रं अशी लिहायची की सख्ख्या भावांनी लाजावं. म्हणून शेवटचं पान सगळ्या कथांहून मोलाचं. त्यावर प्रत्येकाचा पूर्ण पत्ता असायचा. कुणाचा बदलला तर पुढच्या अंकात नवा. कुणीही एकटं पडता कामा नये, एवढाच त्या पानाचा हेतू.

लढाई सुरू झाली आणि एकेक वाचक पलटणीत गेला. नॉरिसला डोळ्यांपायी घेतलं नाही. मग पत्त्यांच्या जागी छावण्या आणि तुकड्या छापल्या जाऊ लागल्या. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

१९४०चा जून संपत आला होता. फ्रान्स पडलं होतं. शत्रूला वाट सापडू नये म्हणून रस्त्यांवरच्या गावांच्या पाट्या काढून टाकल्या होत्या, चर्चच्या घंटा बंद होत्या. वाजल्याच तर शत्रू उतरला असं समजायचं. बर्था मावशी कोळशाचं फावडं उशाशी घेऊन झोपायची. अशात हॅलिफॅक्सच्या सेसिल टॉर्डॉफचं पत्र आलं. हा बेकरीतला पोरगा, आमचा सर्वांत जुना वाचक. 'एकोणतीस तारखेला लिव्हरपूलहून जहाजात चढवणार आहेत. कुठे नेणार, देव जाणे. त्याआधी सगळ्यांची पत्रं येतील असं कर रे. फार भीती वाटते.'

नॉरिसनं डोळे पुसले आणि पत्र माझ्या हातात दिलं. मी टाइप केलं: नाव, तुकडी, बंदर, तारीख. बावीस तारखेला, शनिवारी, बेचाळीस प्रती टपालात पडल्या.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत तो आमच्या कचेरीच्या दारात उभा. चेहरा पांढराफटक. टपाल कचेरीत तिकिटं घ्यायला गेला होता. तिथे भिंतीवर नवा कागद डकवत होते. सैनिकांच्या हालचालींबद्दल अवाक्षर काढू नका, लिहू नका.

"हेस्टर, आपण सेसिलला मारलं गं."

"काय बरळतोयस?"

"बंदर छापलं. तारीखही छापली. एक प्रत डब्लिनला गेलीय. तो देश लढाईत नाही, तिथे जर्मन वकिलात अजून उघडी आहे."

मी त्याला गल्लीत ओढलं आणि दटावलं, "हळू बोल! बेचाळीस खुळ्यांचं चोपडं वाचायला हिटलर रिकामा बसलाय का? गप्प बस. हेरगिरीला फाशी देतात, माहितेय ना?"

"माहितेय." तो भिंतीला धरून वाकला आणि भडाभडा ओकला. तोंड पुसून म्हणाला, "जहाजावर सेसिल एकटा थोडाच असणार आहे."

आणि तो चालायला लागला. ठाण्याकडे. मी मागोमाग. घरी ठेवलेली जादा प्रत त्याच्या खिशातून डोकावत होती. पायऱ्यांपाशी थांबून म्हणाला, "तू त्या बाकावर बस. टायपिंग मीच केलंय, लक्षात ठेव."

मी बसले. आत जायला हवं होतं, पण नाही गेले. भ्याले.

उन्हाळ्यामुळे दार उघडं होतं. सार्जंटचं हसणं बाहेर ऐकू आलं. "शुक्रावरचे राक्षस! अरे, बर्थाबाईंचा ना तू? तुझ्या आईला तरी ठाऊक आहे का हे?" मग शेवटचं पान उलटलं असावं, कारण हसणं थांबलं. दार लावून घेतलं गेलं.

तीन तासांनी सोडलं त्याला. त्यानं एकच धोशा लावला होता: लिव्हरपूलला फोन करा. त्यांना मात्र वाचकांची नावं हवी होती. ती तर आम्हीच छापून ठेवली होती. ह्याबद्दल कुठे बोलणार नाही, अशी सही घेऊन घरी पाठवलं.

आठवड्याभरात देशातल्या प्रत्येक वाचकाच्या दारात पोलीस. अंक जप्त झाले, पत्रं जप्त झाली. जे राहिलं ते भेदरलेल्या आयांनी चुलीत घातलं. अंक ठाण्यात कुणी नेऊन दिला हे पोलिसांकडूनच कळलं आणि मग नॉरिसला पत्रं आली: चहाडखोर, भेकड, घरभेदी. आणि मग पत्रं यायचीच थांबली. त्याला खुलासाही करता येईना. सही केली होती ना!

जहाजाचं काय झालं, कुणी सांगितलं नाही. निघालं का, कधी निघालं, बुडालं का, काही नाही. वर्तमानपत्रातल्या मृतांच्या याद्या तो मला वाचायला लावायचा आणि स्वतः कानांवर हात दाबून बसायचा. मी 'नाही' अशी मान हलवली की हात काढायचा. "सेसिलच्या आईला लिहून विचार ना," मी कितीदा म्हटलं. कागद घ्यायचा, 'आदरणीय बाई' लिहायचा आणि फाडायचा. पाच वर्षं असं चाललं. तिशीतच त्याचे केस पिकले.

लढाई संपली त्या वर्षी, नाताळच्या आधी, दुपारी मी मावशीकडे असताना दार वाजलं. नॉरिसनं उघडलं. पलटणीतून सुटताना मिळतो तसल्या सरकारी सुटातला एक रापलेला गडी उभा होता.

"मी टॉर्डॉफ," तो म्हणाला. "हॅलिफॅक्सचा. तुझं तोंड एकदा बघायचं होतं. सात वर्षांचे अंक जाळले माझ्या आईनं, तुझ्यामुळे! पोलिसांनी गाद्या फाडल्या घरातल्या. तिकडे वाळवंटात मला पत्र नाही, चिठ्ठी नाही, आणि तू इथे आईच्या पदराआड! थू तुझ्यावर, भेकडा!"

मी तोंड उघडणार तोच नॉरिसनं माझं मनगट घट्ट धरलं. तो ऐकतच नव्हता. सेसिलच्या हातांकडे बघत होता, मग पायांकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

सेसिल रस्त्याच्या वळणापर्यंत शिव्या देत गेला. शेजारपाजारची दारं उघडली. नॉरिस उंबऱ्यावरच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"ऐकलंस ना हेस्टर?" तो म्हणाला. "केवढ्यानं ओरडतोय!"