बंद माईक आणि शब्बीरभाईंचा दम

शब्बीरभाई गेल्याचं मला यात्रा कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. दौंडच्या एका मंगल कार्यालयात मी स्पीकर उभे करत होतो, सकाळचे दहा वाजले असतील. ‘शब्बीरभाई सनईवाले यांचे दुःखद निधन’ एवढाच मजकूर, त्याखाली चार-पाच जणांचे जोडलेले हात, एकानं चुकून अंगठा दाखवलेला. मग आमच्या अध्यक्षांचा प्रश्न आला... रेकॉर्डिंग आहे ना तुझ्याकडं? यात्रा महिन्यावर आली होती, अध्यक्षाला काळजी असणारच. मी ‘आहे’ असं लिहिलं आणि फोन खिशात टाकला. दौंडहून शिरूर काही परदेशात नाही, मनात आणलं असतं तर दुपारच्या मातीला पोचलो असतो. पण लग्नाची ऑर्डर होती, केबली अर्ध्याच टाकून झाल्या होत्या... अशी कारणं माणसाला वेळेवर बरोबर सापडतात. खरं म्हणजे त्यांच्या बायकोसमोर, भाभींसमोर, उभं राहायची माझी छाती झाली नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. मी शब्बीरभाईंविषयी खरं सांगणार आहे आणि स्वतःविषयीही. चांगलं त्यात फारसं नाही.

शिरूरहून घोडनदीच्या काठाकाठानं खाली गेलं की आमचं गाव लागतं. यात्रा चैत्रातली. तेव्हा नदी म्हणजे नुसते दगडगोटे, म्हणून सरपंच आधी पाटबंधारे खात्याच्या दारात बसून धरणाच्या पाण्याचं आवर्तन सोडवून आणतात आणि बंधारा भरून घेतात. यात्रेच्या सकाळी गुरव देवाचा मुखवटा पालखीतून काढतो आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो नदीत धरतो. त्याच्याशेजारी सनईवाला उभा राहतो. सनईचा दम तुटत नाही तोवर देव पाण्यात, दम तुटला की देव वर. देव जेवढा जास्त वेळ गार होईल तेवढं गावाला वर्ष गार जाणार, अशी आमची समजूत. नाकानं श्वास घ्यायचा, गालात साठवायचा आणि तोंडानं सोडत राहायचं, मध्ये केसाएवढीही फट पडू द्यायची नाही. हा मान शब्बीरभाईंच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होता. देवाची आंघोळ मुसलमानाच्या श्वासावर चालते, याचं आमच्या गावात कधी कुणाला नवल वाटलं नाही. आणि शब्बीरभाईंचा दम असा होता की गुरवाचे हात भरून यायचे, तो डोळ्यांनी विनवायचा, तरी हे थांबायचे नाहीत. काठावरच्या बाया पदर तोंडाशी धरून बघत राहायच्या.

मी त्यांच्या मागं सूर धरायचो. सनईबरोबर दुसरी एक सनई सतत एकच स्वर धरून असते, तिला सूर म्हणतात. लोकांचं तिच्याकडं लक्ष नसतं, चुकली तर मात्र जातं. मी वीस-बावीस वर्षं हे काम केलं आणि एवढ्या वर्षांत शब्बीरभाईंनी मला एकदाही बरं म्हटलं नाही. वयानं ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, गल्ली एकच, त्यामुळं बोलायचा हक्क पुरेपूर. वाजवता वाजवता कोपरानं बरगडीत ढोसायचे. “तुझा सूर म्हंजी पंक्चर झालेली ट्यूब हाय,” हे चार लोकांत ठरलेलं. माझ्या साखरपुड्यात मी हौसेनं सूर घेऊन बसलो, तर सासरच्या पन्नास माणसांदेखत त्यांनी तो माझ्या तोंडातून काढून घेतला आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला म्हणाले, “धर रं, ह्याच्यापरीस तुझा हॉर्न बरा वाजतो.” सगळे हसले. बायको अजूनही भांडणात तो हॉर्न काढते. मी पुढं सूर सोडून शिरूरला साउंडचं दुकान टाकलं ते धंद्याच्या ओढीनं, असं सगळ्यांना सांगतो. पण कुणी माझ्या तोंडातून काढून घेऊ शकणार नाही असं काहीतरी मला हवं होतं, हेही तितकंच खरं.

सनईवर पोट भरत नाही, म्हणून शब्बीरभाई सणसवाडीला एका कंपनीत पेंटिंगला होते, कॉन्ट्रॅक्टवर. तोंडाला फडकं बांधून वर्षानुवर्षं पावडरचा रंग मारला. निवृत्त झाले तेव्हा खोकला बरोबर घेऊन आले. मग एका यात्रेला त्यांचा दम निम्म्यातच तुटला. गुरवानं मुखवटा वर घेतला, लोक एकमेकांकडं बघायला लागले. त्या उन्हाळ्यात गावच्या दोन विहिरी आटल्या आणि पारावर बसणाऱ्यांना कारण आयतंच मिळालं. कमिटीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, म्हाताऱ्याला नको म्हणायचं कुणी? कुणीच तयार होईना. तेव्हा तोडगा मी काढला. चांगल्या वर्षांतल्या त्यांच्याच वाजवण्याचं रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर होतं. त्यांना पाण्यात उभं करू, माईक लावू, पण माईक बंद ठेवू. स्पीकरवर रेकॉर्डिंग सोडू. मान राहील आणि देवही गार होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या, मला हुशार म्हटलं. अपमान टाळल्याचं समाधान घेऊन मी घरी आलो आणि पोटभर जेवलो.

पहिल्या वर्षी ते पाण्यातून बाहेर आले तेव्हा चेहरा असा फुलला होता की बघवेना. स्पीकर एवढे मोठे होते की स्वतःची सनई स्वतःला ऐकूच जात नव्हती. तरी वाजवणाऱ्या माणसाला संशय येतोच. त्यांनी मला विचारलं, मध्ये मी दोनदा श्वास चुकलो, बाहेर कसं कळलं नाही? मी म्हणालो, नवीन मशीन आणलंय, मधली बारीक फट भरून काढतं. त्यांनी ते मानलं. माणसाला जे हवं असतं ते तो लगेच मानतो. मग हॉटेलात बसून ते दम टिकवायचा उपाय सांगायला लागले... सकाळी अनशापोटी कोमट पाणी, वर दोन मिरं. ज्यांना माहीत होतं ती पोरंठोरंसुद्धा मुद्दाम विचारायची, चाचा, आवंदा येवढा दम कुठनं आणला? आणि चाचा खुर्ची पुढं ओढून पहिल्यापासून सांगायचे. मी शेजारच्या टेबलावर चहा पीत असायचो. गप्प बसायचो. एकदोनदा हसलोही. दोन वर्षं हा खेळ चालला आणि सगळ्या गावाला ठाऊक असून एकानंही तो मोडला नाही.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या चैत्रात, त्यांना पाण्यात ढास लागली. साधी नाही, वाकवणारी. त्यांनी सनई तोंडातून काढली, एका हातानं गुरवाचा खांदा धरला आणि खोकत राहिले. आणि स्पीकरवर सनई चालूच. नुसती चालू नाही, चांगली मुरक्या घेत, हरकती घेत, पंधरा वर्षांपूर्वीच्या छातीनं. खोकता खोकताच शब्बीरभाईंनी मान वर केली आणि स्पीकरकडं बघितलं. काठावर आधी एक जण हसला, मग दहा हसले, मग सगळा घाट. मोबाइल वर झाले. माझं बोट लॅपटॉपवर होतं. बंद करायला एक क्षण पुरला असता. मी नंतर सगळ्यांना सांगितलं की दम तुटला तर देव वर घ्यावा लागेल, म्हणून बंद केलं नाही. ते खोटं आहे. लोक हसत होते आणि मला साखरपुड्यातला तो हॉर्न आठवला... मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

त्यानंतर शब्बीरभाईंनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी तोंड पुसलं, सनई पुन्हा ओठांना लावली आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत बोटं चालवत उभे राहिले. दम संपला, देव वर आला, चांगभलं झालं. ते ओल्या कपड्यांनिशी सरळ माझ्या टेबलाशी आले. वाटलं, शिव्या घालतील. शिव्यांची मला सवय होती. त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“सूर चांगला धरलास आवंदा,” म्हणाले आणि घाट चढून गेले.

तो व्हिडिओ आठवडाभर सगळ्यांच्या फोनवर फिरला. शब्बीरभाई परत माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत आणि मीही फोन केला नाही. आज करू, उद्या करू, असं करत दहा महिने गेले. माघात कमिटीची बैठक झाली. शब्बीरभाईंचं काय, असं कुणीतरी विचारलं. पुन्हा हसू होईल, त्यापेक्षा त्यांना बोलवायलाच नको, नुसतं रेकॉर्डिंग लावू... हेही मीच म्हणालो. यंदा कुणाच्या माना हलायची वाट बघावी लागली नाही. फाल्गुनात ते गेले. यात्रेला घाटावर त्यांचा मोठा फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली सगळ्या कमिटीचे फोटो, त्यात माझाही. रेकॉर्डिंग सुरू झालं तसे लोक रडायला लागले. गेल्या वर्षी पोट धरून हसणारेही रडत होते, आणि त्यांचं रडणं खोटं नव्हतं, हीच तर गंमत. गुरवाशेजारची पाण्यातली जागा रिकामी होती. आवाज काय सेट केलास, असं म्हणत चार जणांनी माझी पाठ थोपटली.

चाळिसावा उरकल्यावर एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. भाभी मागच्या दारी होत्या. त्यांनी रडारड केली नाही, बसा म्हटलं, पाणी दिलं. नळाशी कपडे धुवायचा निळा टब पाण्यानं भरून ठेवलेला होता. माझी नजर तिकडं गेलेली बघून त्यांनी आपणहून सांगितलं. गेल्या यात्रेनंतर शब्बीरभाई रोज सकाळी नमाज झाली की त्या टबात उभे राहायचे. पाण्यात पाय गार पडले की श्वास बदलतो म्हणायचे. सनईची पत्ती काढून ठेवायची, म्हणजे ती वाजणारच नाही, आणि समोर कट्ट्यावर फोन लावायचा. मी विचारलं, फोनवर काय? रेकॉर्डिंग तर माझ्याकडंच होतं.

“तोच यात्रेतला व्हिडिओ,” भाभी म्हणाल्या. “त्यात वाजतंय ना त्यांचं जुनं. त्याच्यासंगं बोटं चालवायची, गाल फुगवायचे. मधी लोकं हसत्यात त्ये बी ऐकू येतं. रोज तिथं आलं की हसायचे लोकं, आन् ह्ये चालूच. खोकला आला तर सनई तोंडातनं काढायचे न्हाईत, आतल्या आत दाबायचे. डोळ्यातनं पाणी यायचं. मी म्हणायची, कशाला जीव काढता? तर म्हणायचे, आता जमतंय, पुढच्या साली कुणाला काय कळायचं न्हाई.”

मला बसवेना. उठलो, तर त्यांनी थांबवलं. इतका वेळ त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या, आता बघितलं.

“भाऊजी, यंदा त्यांना बोलावणार व्हता ना तुम्ही?”

“म्हंजी काय भाभी,” मी म्हणालो. “त्यांच्याबिगर यात्रा हुती का कधी?”

हे खोटं माझ्या तोंडातून कुठंही न अडकता, एका दमात बाहेर आलं. भाभींनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

“मग एक फोन करायचा व्हता,” त्या म्हणाल्या. “माघापासनं फोन खाली ठेवला न्हाई त्यांनी. न्हानीत बी घेऊन जायचे.”

भाभींनी टब तिरका करून सगळं पाणी मेंदीच्या झाडाला घातलं, रिकामा टब परत नळाखाली सरकवला आणि नळ सोडला. मी विचारलं, आता हे कशाला? त्या म्हणाल्या, सकाळी उठलं की हात आपोआप टब भरतात. नळाला पाणी बारीक होतं, टब भरायला बराच वेळ लागला. तोवर आम्ही दोघं तिथंच उभे होतो.