ड्रोनच्या पोटाखालचं लिंबू

हसणार नसाल तर सांगते. पण जाऊ द्या, अट तरी कशाला घालू? सगळं पलूस हसून मोकळं झालंय, तुम्हीच तेवढे राहिलाय!

मी कोरेगावची. लग्न होऊन पलूसला आले, तर घरात सवत आधीच हजर. सहा पंखांची! नवरोबांनी पुण्याची नोकरी सोडून फवारणीचा ड्रोन घेतलेला. आपोआप उडणारा. शेताचा नकाशा भरून दिला की माणसानं नुसतं बांधावर उभं राहायचं.

ड्रोन आपोआप उडायचा आणि नवरोबा आपोआप बोलायचे. रोज जेवताना व्याख्यान! "हा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे मेंदू. वर जीपीएस, त्याला आपण कुठं आहोत ते कळतं. समोर कॅमेरा, म्हणजे डोळे..." तोवर आमटी गार.

सासरे फौजेतले निवृत्त सुभेदार. ते ताटावरची मान वर न करता म्हणायचे, "बरं झालं. घरात एकाला तरी मेंदू आला."

मी नवी सून. तोंडानं "हं हं", आणि मनात, या पंखांचं एवढं कौतुक, माझ्या भाजीला कधी एक शब्द?

सासऱ्यांनी एकदा नवरोबांना ठणकावलंच. "रविवारी बापू बघाय येनार हायती. त्यांनी फवारनी दिली तर गाव दील. न्हाई दिली, तर बॅग भरायची आन् पुन्याला चालायचं." बापू म्हणजे आमचे शेजारी. शिवारात सगळ्यात जास्त ऊस त्यांचा, आणि नव्या गोष्टीवर सगळ्यात कमी विश्वासही त्यांचाच.

रविवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "नवं वाहन हाय, पूजा कर. आन् फुडं लिंबू-मिरची बांध, ट्रॅक्टरला बांधतो तशी. आज लय डोळं लागनार हायती."

मला मनातल्या मनात हसू आलं. पुढं? अहो आत्या, पुढं कॅमेरा असतो! व्याख्यानं काय फुकट ऐकली? वर जीपीएस, तिथं नको. बाजूला पंखे, दोरा गुंडाळला म्हणजे? मग राहिलं काय? पोट! शिवाय तिथं कुणाला दिसणार नाही, शिकलेल्या सुनेची अब्रूही राहील. घट्ट गाठ मारली. पोटाच्या भागावरचं व्याख्यान झालं तेव्हा मी आत भाकरी भाजत होते, त्याला कोण काय करणार?

बांधावर ही गर्दी! टाकीत नुसतं पाणी भरलेलं. ड्रोन भुर्रकन उठला, उसाच्या शेंड्यांवर आला आणि थांबेचना. निघाला सरळ वर!

"गड्या, ऊस खाली हाय रं!" बापू ओरडले.

"कळतंय त्याला, बापू. ऑटोमॅटिक आहे," नवरोबा.

"व्हय तर! ढगाला कीड लागलीय न्हवं," सासरे.

पाणी वाऱ्यावर उडून थेट बापूंच्या टोपीवर. नवरोबा घामाघूम. जीपीएस तपासतात, बॅटरी तपासतात, कंपनीचा उद्धार करतात. खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटत होती. हळूच म्हणालेसुद्धा, "मेंदू बिघडला असेल." मग त्यांनी बापूंकडं चोरून बघितलं, आणि माझं हसू आटलं. बॅग मलाही भरावी लागणार होती ना!

शेवटी त्यांनी आपोआपचं बटण बंद करून ड्रोन हातानं उतरवला. वाकून बघतात तर काय? पोटाखालच्या रडारपुढं, वीतभर दोऱ्याला लोंबकळणारं लिंबू!

हा रडार खाली बघून उंची मोजतो म्हणे. त्याला दिसलं लिंबू. त्याला वाटलं, जमीनच टेकली की! घे वर. वर गेला, तर लिंबू बरोबरच. घे आणखी वर!

"हे कुणी बांधलं?" नवरोबांनी लिंबू हातात धरून विचारलं.

"मी फुडं म्हनलं हुतं," सासूबाई तत्काळ म्हणाल्या. "फुडं!"

सगळा बांध माझ्याकडं बघायला लागला. बापूंनी शांतपणे टोपी पिळली.

"पोरा, यंत्र झ्याक हाय तुझं. एका लिंबाला धक्का लावला न्हाई, उसाला काय लावंल? उद्या ये माझ्या वावरात." नवरोबांचा जीव भांड्यात पडतोय तोच पुढं म्हणाले, "पन सूनबाईस्नी घरीच ठीव."

सासूबाईंना काही हे सोसलं नाही. "आवं बापू, असं काय म्हनताय? यम्येस्सी झालीया ती. फिजिक्सची!"

"आसं व्हय?" बापूंनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "मग तर भाईरनं कडी घालूनच ये."