रेडिओकाकांचं घरी बनवलेलं कार्ड

रेडिओ दुरुस्त करता करता म्हातारे झाले, म्हणून सगळी गल्ली त्यांना रेडिओकाका म्हणायची. "चांगल्या नोकरीवर लाथ मारून मी दुकान टाकलं," ही गोष्ट तीस वर्षं ते भेटेल त्याला ऐकवत आले होते. परवा नव्या सुनेला ऐकवत होते, तर काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "आणि आठवड्यात नोकरी परत मागणारं पत्र कोणी टाइप केलं? माझ्याकडेच दिलं होतं टाकायला. मी टाकलं नाही, म्हणून हे दुकान."

"असलं पत्रबित्र काही नाही," काका म्हणाले. काकूंनी कपाटातून ते पत्र साठवलेली जुनी फ्लॉपी काढून पुढ्यात ठेवली.

आता झाली पंचाईत. ती फ्लॉपी वाचेल असा घरात एकच जुनाट कॉम्प्युटर, आणि तोही वाचायचा काकांनी स्वतःच्या हाताने बनवून आत बसवलेल्या सर्किट-कार्डाच्या जोरावर. कार्ड चाललं तर बढाई उघडी पडणार, नाही चाललं तर कारागिरीची अब्रू जाणार. पण कार्ड खरोखरच बंद पडलेलं निघालं आणि काकांचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवस त्यांनी नुसता देखावा केला. स्लॉटवर फुंकर मारली, मीटर लावून हुं हुं केलं. सून बिचारी चहा आणून देत होती. तिसऱ्या दिवशी काकू सहज म्हणाल्या, "राहू दे. कोपऱ्यावरचा तुमचा चेला आहे ना, त्याला बोलावते. त्याला जमेल."

चेल्याला जमेल! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. झाकण उघडून, कॉम्प्युटर चालू ठेवून, ते आपल्या जुन्या सवयीने कार्डावरची एकेक आयसी, म्हणजे चिप, बोटाने दाबत गेले. चौथी दाबली आणि फ्लॉपीची ड्राइव्ह घरघरली. बोट उचललं, गप्प. आयसीचा एक पाय सोल्डरने धरलाच नव्हता, इतकी वर्षं लबाड नुसता टेकून उभा होता.

बोट उचलून गप्प बसले असते, तर कोणाला काय कळणार होतं? पण सापडलेला दोष तसाच सोडणं काकांच्या रक्तातच नव्हतं. कॉम्प्युटर बंद करून त्यांनी कार्ड काढलं, सोल्डरचा नवा डाग दिला, परत बसवलं. फ्लॉपी गुमान वाचली गेली आणि पडद्यावर पत्र उमटलं.

'साहेब, माझी चूक झाली, कृपया मला कामावर परत घ्यावे.' सुनेने हसू लपवायला तोंड फिरवलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी मात्र पत्र सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"प्रिंट काढते," त्या म्हणाल्या. "सही करा. या वेळी नक्की टाकते पोस्टात."