धावपट्टीच्या टोकाचा काकबळी

सिडनीहून निघालेलं आमचं विमान इतकं चिमुकलं होतं, की पायलटनेच मागे वळून आम्हा सहा जणांना मास्क नीट लावायला सांगितलं. करोनामुळे ही फेरी आठवड्यातून दोनदाच उरली होती. मी आईला आणायला निघाले होते. पश्चिमेकडच्या एका आडगावात माझा दादा डॉक्टर आहे. त्याच्याकडे महिनाभरासाठी आलेली आई विमानं बंद झाल्याने सात महिने तिथेच अडकली होती. पुण्यात आजी, म्हणजे आईची आई, पाय मोडून अंथरुणावर, रोज फोनवर विचारायची, कधी येतेस? शेवटी भारतात जाणाऱ्या खास विमानात आईला जागा मिळाली.

खाली लाल माती आणि मधोमध काळी पट्टी दिसली. चाकं टेकणार, तोच विमान पुन्हा वर. पायलट म्हणाला, पट्टीवर कांगारू बसलेत. एक यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) हॉर्न वाजवत त्यांच्याकडे धावली आणि ते मानपानाला बसलेल्या व्याह्यांसारखे सावकाश उठले.

यूटवाला ट्रेव्हर म्हणजे या विमानतळाचा सर्वेसर्वा. तिकिटं तोच बघतो, बॅगाही तोच उचलतो. फेऱ्या कमी झाल्यापासून जनावरांना पट्टी आपलीच वाटते, असं त्याचं म्हणणं. कांगारूंचं एक ठीक, पण हल्ली कावळे कुठून येतात कळत नाही, एखादा विमानाच्या पंख्यात गेला तर खेळ खलास. मी सहानुभूतीने मान हलवली.

दादाच्या घरी उलगडा झाला. घर विमानतळाच्या कुंपणाला लागून, आणि दिवस पितृपक्षाचे. बाबांची तिथी एकच दिवस, पण इथले कावळे हाकेसरशी येतात म्हटल्यावर आईने सासू-सासरे, आत्याबाई, खालच्या मजल्यावरचे कुलकर्णीकाका, सगळ्यांना उरकून घेतलं होतं. पुण्यातले कावळे मेले तास तास ताटकळत ठेवतात, असं तिचं म्हणणं. अंगणात पान ठेवलं तर शेजारीण कुरकुरायची, म्हणून आई ते कुंपणाखालून पलीकडे, धावपट्टीच्या टोकाला सरकवायची.

"तिकडे असतं कोण? विमान येतं आठवड्यातून दोनदा," आई म्हणाली.

"त्याच विमानाने जायचंय तुला, आई."

तिने फारच शहाण्यासारखी मान डोलावली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. निघायच्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. पहाटेच भरड्याचे वडे तळल्याचा वास सुटला. प्रवासाच्या डब्यासाठी आहेत, म्हणाली, आणि मी बावळट, विश्वास ठेवला.

विमान आलं, खाली झुकलं आणि तसंच वर गेलं. दुसऱ्यांदाही तेच. पट्टीच्या टोकाला कावळ्यांची पंगत बसलेली, सोबत गला (गुलाबी काकाकुवे), वर घिरट्या घालणाऱ्या घारी. ट्रेव्हरने भोंगा वाजवला, बार काढले. कावळे जरा उडाले आणि परत पानावर बसले. पायलटने रेडिओवरून कळवलं, आणखी एकदाच बघतो, नाहीतर परत जातो. सिडनीहून भारतात जाणारं विमान त्याच रात्री होतं आणि रस्त्याने गेलं तर नऊ तास. आईचा चेहरा पांढराफटक पडला. आजी दिसत असणार तिला. मला इतका राग आला होता, आणि रडूही.

आई उठली, प्रवासाचा डबा घेऊन सरळ यूटमध्ये जाऊन बसली.

"याला सांग, गाडी बाहेर रस्त्यावर घे."

फाटकाबाहेर गाडी पडली तशी तिने खिडकीतून वडा धरलेला हात काढला आणि "काव, काव" सुरू केलं. आधी एक कावळा उठला, मग अख्खी पंगत. काकाकुवे कलकलाट करत झाडांवर गेले. पार दूरच्या वळणापर्यंत वडे पडत गेले आणि इकडे विमान टेकलं. ट्रेव्हर परतला तेव्हा त्याच्याही तोंडात वडा होता. आईचे हात धरून तो "नो वरीज" म्हणाला. विमानात आई खिडकीला नाक लावून मागे बघत राहिली. आम्हाला मात्र सिडनीपर्यंत उपास घडला.

ती पुण्याला पोचली, विलगीकरण संपताच आजीला स्वतःच्या हाताने भरवलं. मी सिडनीच्या पॅरामॅटा उपनगरात आपल्या लॅपटॉपपुढे. पुढच्या पितृपक्षात आईचा व्हिडिओ कॉल आला. गच्चीवर पान वाढून तिचा घसा बसला होता, एक कावळा फिरकेल तर शपथ. मी तिला दादाकडची बातमी सांगितली, की विमान यायच्या आधी ट्रेव्हर आता रस्त्यावर ब्रेडचे तुकडे टाकतो आणि "काव, काव" ओरडतो.

आईने रिकाम्या कठड्याकडे बघितलं.

"म्हणजे हे तिकडेच राहिलेत," ती म्हणाली. "त्याला सांग, ब्रेडवर ह्यांचं भागत नाही."