शनिवारची कात्री

शनिवारी आमच्या घरात कात्री चालत नाही. शिवणकामावर जगणाऱ्या बाईला हा नियम म्हणजे निव्वळ छळ, असं मी लग्न होऊन कर्जतला आले तेव्हापासून म्हणत आले. गिऱ्हाईक ब्लाऊजसाठी दारात उभं, आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, माझी कात्री देव्हाऱ्याखाली सरकवून जप करत बसलेल्या. शनिदेवाला माझ्या कात्रीचं काय वावडं, हे मला कुणी कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या कानात ठोके पडू लागले. दिवसभर धप्, धप्. मशीन थांबलं की जास्तच. शहरातल्या एका डॉक्टरांनी दोन मिनिटं कानात बॅटरी मारली आणि सांगितलं, पडद्यामागे लाल दिसतंय, पाणी साचलंय, छोटासा छेद देऊन काढून टाकू. मी ठोक्यांचं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. तारीख मिळाली शनिवारची.

ते ऐकून आत्या उंबऱ्यातच बसल्या. "शनवारी अंगाला लोखंड लावायचं न्हाई. सोमवारी जा, मी सोता येते संगं."

"आत्या, कान माझा हाय!" मी ओरडले. नवऱ्याने नेहमीप्रमाणे मान खाली घातली आणि फोन करून तारीख सोमवारवर ढकलली. वर त्या शनिवारी दोघं मला शिंगणापूरला घेऊन गेले. रस्ताभर मी त्यांच्याशी अवाक्षर बोलले नाही. देवाशी मात्र मनातल्या मनात कडाकडा भांडत होते. माझा एक आजारसुद्धा तुला तुझ्या वाराप्रमाणे हवा का?

दर्शनाच्या रांगेत मी कान दाबून उभी होते. मागे तेलाची बाटली धरलेल्या एक वयस्कर बाई होत्या. कान दुखतोय का, त्यांनी विचारलं. "दुखत नाही, वाजतोय," मी तुटकपणे म्हणाले. लाल दिसतंय, सोमवारी छेद देणार आहेत, हेही रागातच सांगून टाकलं. त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी शोधली आणि तिच्या ठेक्यावर बोटाने टिचक्या देऊ लागल्या. प्रत्येक टिचकी कानातल्या ठोक्यावर बरोबर पडत होती.

"मी कानाच्या वॉर्डात नर्स हुते, ताई. ह्ये नाडीबरूबर वाजतंय. स्कॅन केल्याबिगर कुनाला सुई लावू देऊ नका." तेवढ्यात रांग सरकली. मी त्यांचं नाव विचारलं नाही, आभारही मानले नाहीत. फुरंगटलेलीच होते ना.

सोमवारी आम्ही छेदाला गेलो नाही, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. स्कॅन पाहून ते खुर्चीत पुढे सरकले. ते पाणी नव्हतं. मेंदूला रक्त नेणारी धमनी नेहमीची वाट सोडून माझ्या मधल्या कानातून गेली होती, जन्मापासूनच. "छेद दिला असता तर रक्त थांबवणं अवघड होतं," ते म्हणाले.

पहिल्या डॉक्टरांच्या टेबलावर मी ती फिल्म नेऊन आपटली. असं फार क्वचित असतं हो, ते म्हणाले. असेलही. पण काय वाजतं, कसं वाजतं, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? तो राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, शनिदेवाने राखलं. त्याचाही मला संताप आला. "राखलं म्हणता, मग ती धमनी तिथं घातली कुणी?" मी आत्यांवरच खेकसले.

आत्या वाती वळत होत्या. "त्येनंच," त्या म्हणाल्या. "म्हून तर त्येला ठावं हुतं, कुटं हात लावू द्यायचा न्हाई त्ये."

मी कापूस ओढून घेतला आणि त्यांच्या शेजारी वाती वळायला बसले.

धमनी तिथेच राहणार आहे, तिला कुणी हलवू शकत नाही. ठोकेही राहणार. आता शुक्रवारी दिवेलागणीला मीच कात्री देव्हाऱ्याखाली ठेवते. आत्या बघतात. शनिवारी मशीन बंद असतं, त्यामुळे कानातलं अगदी स्पष्ट ऐकू येतं. पूर्वी ते बुडवायला मी टीव्ही मोठा करायचे. आता हात जोडून ऐकत बसते.